पंप चालू होता

"ताई, ती बाटली उचलताना मी चुकले नाही."

फोनवर नाव नाही, ओळख नाही, थेट हे वाक्य. तपासनीस तेव्हा एका उंच इमारतीत लिफ्टच्या खड्ड्यात उभी होती. हातात बॅटरी, बाहीला ग्रीस. बंद पडलेल्या, घसरलेल्या, मधेच अडकलेल्या लिफ्ट तपासायच्या आणि दोष कुणाचा ते लिहून द्यायचं, हे तिचं काम. आई गेल्यावर थोड्याच दिवसांत ती कामावर परतली होती. घरात बसवत नव्हतं.

आवाज मात्र तिने लगेच ओळखला. आयसीयूत आईच्या खाटेपाशी असायची ती नर्स.

"कोणती बाटली, सिस्टर?"

उद्या सकाळी चौकशी समिती बसणार होती. आईची साखर एका संध्याकाळी अचानक तळाला गेली होती, झटके आले होते. समितीच्या मते कारण सरळ होतं. दुपारी रक्त पातळ ठेवायचं इंजेक्शन द्यायचं असतं. इन्सुलिनची आणि त्या औषधाची बाटली साधारण एकसारखी. सिस्टरने भलतीच उचलली.

"ठरल्यातच जमा आहे," नर्स म्हणाली. "नोकरी जाईल, परवानाही जाईल. पण ताई, मी बाटलीवरचं नाव मोठ्याने वाचल्याशिवाय सुई भरत नाही. तुम्ही हसायचात मला."

हसायची खरी. शाळेत हजेरी घेतल्यासारखी ती नर्स औषधांची नावं पुकारायची.

"त्या दिवशी वाचलं होतंत?"

"वाचलं होतं. तुमचे बाबा बाजूलाच होते. मी त्यांना फोन केला, विचारलं. ते म्हणाले, आठवत नाही."

तपासनीसाने खड्ड्यातून वर पाहिलं. वर अंधारात दोर लोंबत होते.

"मी येते," ती म्हणाली.

तिला जायलाच हवं होतं. त्या दुपारी बाबांना मोकळं करून खाटेपाशी बसायची पाळी तिची होती. ती गेली नव्हती. एक लिफ्ट अडकली, मग दुसरी अडकली, आणि ती दवाखान्यात पोचली तेव्हा बाहेर दिवे लागले होते आणि आत धावपळ चालली होती. आपण वेळेवर असतो तर, हा किडा तेव्हापासून डोक्यात वळवळत होता. आता त्या संध्याकाळचं सगळं खापर एका परक्या पोरीच्या माथी फुटणार होतं.

*

आयसीयूच्या प्रमुख डॉक्टरांना मागे सगळे 'मास्तर' म्हणत. समजावून सांगायची फार हौस. त्यांनी तिला खोलीत बसवलं, खुर्चीवरचा कागदांचा ढीग स्वतः उचलून खाली ठेवला.

आईचा आजार तिला पाठ होता. फुफ्फुसातला जंतुसंसर्ग रक्तात पसरला. श्वासाला यंत्र, झोपेचं औषध, नाकातून पोटात गेलेली बारीक नळी. त्या नळीतून पंपाने थेंब थेंब जाणारं दुधासारखं अन्न. एवढ्या आजारात साखर चढते, म्हणून दुसऱ्या पंपाने इन्सुलिन. मधे एकदा आईची तब्येत सुधारायला लागली होती. मग ती संध्याकाळ आली. साखर लगेच भरून काढली, पण आई नीट शुद्धीवर आलीच नाही. संसर्गाने पुन्हा डोकं वर काढलं आणि ती गेली.

"इन्सुलिनचा पंप तपासला?" तिने विचारलं.

"पहिलं तेच तपासलं. ठरलेलं तेवढंच गेलं होतं."

"अन्नाचा?"

"तोही. पंप चालू होता. सकाळपासून अखंड, एकदाही अलार्म नाही. आता तुम्हीच सांगा, अन्न जातंय, इन्सुलिन बेताने जातंय, तर साखर पडेल कशी? जादा इन्सुलिन कुठूनतरी आलं. आणि दुपारी सुई एकाच हाताने टोचली."

तर्क चोख होता. तपासनीसाला चोख तर्काची भीती वाटायची. मागे एकदा एका इमारतीत लिफ्टचं पॅनेल पाचवा मजला दाखवत होतं आणि पाळणा दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधे लोंबकळत होता. आत माणसं. दोर चाकावरून घसरला होता. पॅनेल खोटं बोललं नव्हतं. त्याला मोटरचे फेरे तेवढे ठाऊक होते, पाळणा कुठे आहे हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

"डॉक्टर, अन्न पोटात पोचलं की नाही, हे पंपाला कळतं?"

मास्तर हसले. "नळी तुंबली तर कळतं. दाब वाढतो, तो बोंबलायला लागतो."

"तुंबली नाही, पण अन्न भलतीकडेच गेलं तर?"

हसू हळूहळू मावळलं. "मुद्दाम कुणी काढून दुसरीकडे सोडलं तर... नाही. तेवढं त्याला कळत नाही. पण असं कोण करेल? आणि कशाला?"

ते तिलाही माहीत नव्हतं. म्हणून तिने दुसराच प्रश्न विचारला. इतक्या आजारी माणसाला भरवायचंच कशासाठी?

मास्तरांना तेवढंच हवं होतं. आतडं फार उपाशी राहिलं तर त्याचं अस्तर कमजोर होतं, त्यांनी सांगितलं, तिथले जंतू रक्तात उतरायची भीती असते. शिवाय आतड्यात थोडी चरबी उतरली की तिथल्या एका मज्जातंतूतून मेंदूला निरोप जातो आणि शरीरातला दाह आवरता घ्यायची सूचना सुटते, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलंय. माणसांत हे कितपत घडतं ते अजून नक्की नाही. आणि सुरुवातीला उगाच भरमसाट भरवणंही वाईटच.

"म्हणून आम्ही थोडं थोडं देतो, हळूहळू वाढवतो. यात हातचं काही राखून ठेवलं नव्हतं, बाई. खरंच नव्हतं."

तपासनीसाची कानशिलं गरम झाली. याच विषयावरचं तिने कधीतरी वाचलं होतं. अर्धं.

*

नर्स चादरींच्या खोलीत भेटली. समितीचा निकाल लागेपर्यंत तिला खाटांजवळ जायची मनाई होती, म्हणून चादरींच्या घड्या घालायला बसवलं होतं.

"बसा ताई. इथे माझ्या हातून चूक झालीच तर फार तर एखादी उशी मरेल," ती म्हणाली, पण तिचे डोळे सुजलेले होते.

तपासनीसाने स्टूल ओढलं. लिफ्टमनला विचारते तसं एकेक विचारायचं ठरवलं.

"त्या दिवसाआधी दुपारची साखर कशी असायची?"

"जरा उतरायची. काळजी करण्यासारखी नाही. संध्याकाळी परत जागेवर. म्हणून तर तपासणी आधीसारखी वरचेवर करत नव्हतो."

"रोज?"

नर्सचे हात घडीवर थांबले. "रोज... नाही. मधे एक रविवार होता, तेव्हा नाही उतरली."

"रविवारी वेगळं काय होतं?"

"काही नाही. तुमच्या मावशी बसल्या होत्या. तुमच्या बाबांना बरं नव्हतं."

"मावशी त्या नळीला हात लावायच्या?"

नर्स कसनुशी हसली. एकदा मावशी घरून सूप घेऊन आल्या होत्या, तिने सांगितलं, नळीत ओता म्हणून हटून बसल्या. मास्तरांनी त्यांना दारापाशीच झापलं. तेव्हापासून मावशी त्यांच्याशी बोलत नसत. रोज दुपारी कॉफीचा थर्मास मात्र आणायच्या. बाहेर बाकावर सगळे कॉफी प्यायचे, मग थर्मासची पिशवी बाबा आत घेऊन जायचे आणि खाटेच्या दांडीला अडकवायचे.

"रिकामा थर्मास आत कशाला?"

"कोण जाणे. मी म्हटलं, बाहेर चोरीला जाईल म्हणून घेत असतील. खाटेपाशी बाबा असले की आईंचे ठोके शांत असायचे हो. झोपेच्या औषधातही हात ओळखायच्या. म्हणून मीच मास्तरांकडून परवानगी आणली होती, दुपारभर बसू द्यायची."

"झटके आले तेव्हा पोटातून काही वर आलं?"

"आम्ही लगेच नळीतून ओढून पाहिलं. काहीच नव्हतं, अगदी स्वच्छ. मला तेवढंच बरं वाटलं. म्हटलं, निदान पचन चांगलं आहे."

तपासनीसाने दोन गोष्टी मनात शेजारी शेजारी ठेवल्या. सकाळपासून अखंड चाललेला पंप, आणि पोटात थेंब नाही.

"शेवटचं. पंपाची नळी नाकातल्या नळीला जिथे जोडलेली असते, तो सांधा. तो कधी सुटला होता?"

"एकदा आपोआप निसटला होता, म्हणून मी त्यावर चिकटपट्टी लावायचे. पण दुसऱ्या पाळीच्या सिस्टर माझ्यापेक्षा हुशार. पट्टीचं टोक आत दुमडून ठेवायच्या, म्हणजे सोडवताना नखं मोडत नाहीत. मी त्यांचे आभार मानायला गेले तर म्हणतात, मी कधी लावलीच नाही." नर्सने खांदे उडवले. "मोठेपणा नको असतो काहींना."

स्टुलाचा पाय लादीवर करकरला. तपासनीस उठली होती.

*

मावशी आईची धाकटी बहीण. तोंडाचा पट्टा असा की रडतानाही थांबत नसे. तिने भाचीला दारातच धरलं आणि आधी वाळलीस म्हणून ओरडली, मग बसवलं.

तपासनीसाने आडवळण घेतलं नाही. "मावशी, आईच्या नळीशी तू काही केलं होतंस का?"

"सूप ओतणार होते. त्या मास्तराने मला शाळेतल्या पोरीसारखी बाहेर काढली. मग कानाला खडा लावला. का गं?"

"कुणीतरी तिचं अन्न दुसरीकडे सोडत होतं, असं वाटतंय."

मावशी एवढी गप्प झाली की स्वयंपाकघरातला नळ ठिबकताना ऐकू आला.

"म्हणजे माझी ताई उपाशी होती?" ती हळू आवाजात म्हणाली. "आणि हे तू मला विचारतेस? तापात मी पेज भरवली नाही असा एक माणूस दाखव या घरात. नळीत सूप ओतल्याचा आळ घे माझ्यावर, मारून मुटकून खायला घातल्याचा घे, मान खाली घालीन. उपाशी ठेवल्याचा नको."

ते खरं होतं. तपासनीसाला लाज वाटली आणि तरीही तिने पुढचा प्रश्न विचारला, कारण तो विचारायलाच ती आली होती. थर्मास कुठे आहे?

थर्मास फडताळात होता. मावशीने काढून दिला, आणि डोळे पुसता पुसता तिची नेहमीची तक्रार सुरू झाली. त्या थर्मासचं काय बिनसलं होतं देव जाणे, कितीही गरम पाणी घाला, कॉफीला बिस्किटांसारखा वास. "मी म्हटलं, मेलं माझंच नाक बिघडलं. आणि एवढं असून भाऊजी तो रोज स्वतः धुऊन परत द्यायचे. लग्नापासून त्यांनी कप विसळलेला मी पाहिला नाही. मी ताईच्या कानात सांगितलंसुद्धा, तू आजारी पडलीस आणि नवरा सुधारला बघ."

तपासनीसाने झाकण फिरवलं. कडेची रबरी रिंग नखाने उचकटली. रिंगेच्या खाचेत पिवळट पांढरं काहीतरी वाळून बसलं होतं. तिने ती नाकाशी धरली.

व्हॅनिला. आईच्या खाटेपाशी कायम असायचा तो वास.

*

घरी बाबा स्वयंपाकघरात उभे होते. डब्याचं झाकण सैल झालं होतं, त्याला चिकटपट्टी लावत होते. उभं आयुष्य त्यांनी कपड्यांच्या एका मोठ्या धुलाई-कारखान्यात बॉयलर सांभाळला. निवृत्तीनंतरही घरात काही बिघडलं की त्यांचा हात आधी कुठल्यातरी कॉकवर जायचा. आधी बंद करायचं, मग बघायचं. लहानपणी तिला खोकला आला तरी ते पंखा बंद करत.

पट्टी ताणून झाली. अंगठ्याने दाबून झाली. मग त्यांनी तिचं टोक आत दुमडलं, नेहमीसारखं. दुसऱ्या दिवशी उघडताना आईला त्रास नको म्हणून लावलेली ही सवय. घरातल्या प्रत्येक पुड्याला, प्रत्येक तुटक्या मुठीला असं एक दुमडलेलं टोक होतं.

"आलात, साहेब?" ते वळून म्हणाले. ती तपासनीस झाल्यापासून ते तिला साहेब म्हणत. "सापडला का आज कुणी गुन्हेगार?"

ती ओट्याला टेकून उभी राहिली. तोंडाशी आलेला प्रश्न तिने गिळला. त्याच्या पोटात आणखी एक प्रश्न होता आणि त्याचं उत्तर तिलाच द्यावं लागणार होतं.

"उद्या दवाखान्यात समिती बसतेय," ती म्हणाली. "त्या सिस्टरची. तुम्ही याल?"

बाबांनी डबा फळीवर ठेवला. झाकणाची बाजू भिंतीकडे केली, पुन्हा पुढे केली.

"येतो," ते म्हणाले.

*

समितीच्या खोलीत लांब टेबल होतं. एका बाजूला मास्तर आणि दोन वरिष्ठ, दुसऱ्या बाजूला नर्स. बाबा भिंतीपाशी खुर्चीवर बसले, पाय जुळवून, कारखान्यात मुलाखतीला आल्यासारखे.

तपासनीस उभी राहूनच बोलली.

"सिस्टरांनी भलतंच इंजेक्शन दिलं असतं तर साखर एकाच दुपारी उतरली असती. ती त्याआधीही दुपारी उतरत होती, थोडी. म्हणजे कारण रोजचं होतं. त्या दिवशी ते फक्त जास्त वेळ चाललं."

मास्तरांनी समोरचा तक्ता जवळ ओढला.

"जादा इन्सुलिन आलं, असं आपण धरलं. उलट झालं असलं तर? इन्सुलिन ठरल्याइतकंच, पण अन्नच गेलं नाही. झटक्यांच्या वेळी नळीतून ओढून पाहिलं तेव्हा काहीच आलं नाही. सिस्टरांना वाटलं पचन चांगलं आहे. पोट रिकामं होतं. पंप फिरत होता, त्याने फेरे मोजले. अन्न मात्र थर्मासमधे जात होतं."

तिने रबरी रिंग कागदावर ठेवून टेबलावर सरकवली. मास्तरांनी ती उचलली, हुंगली आणि लगेच खाली ठेवली.

"नळी नुसती चिमटली असती तर पंप ओरडला असता. हे करणाऱ्याला ते ठाऊक होतं. वाट बंद केली की दाब चढतो, म्हणून आधी दुसरी वाट करून द्यायची, हे ज्याच्या हाताला आयुष्यभराचं वळण आहे, असा तो माणूस. सांधा सोडायचा, नाकाच्या नळीला बूच लावायचं, पंपाची नळी दांडीला अडकवलेल्या पिशवीतल्या थर्मासमधे सोडायची. वर चादरीची घडी. निघताना पुन्हा जोडायचं, चिकटपट्टी लावायची आणि टोक दुमडायचं. थर्मास स्वतः धुवायचा. ज्या रविवारी तो माणूस आला नाही, त्या रविवारी साखर उतरली नाही."

इथे ती थांबली. पुढचं वाक्य तयार होतं, पण जीभ हलेना.

"बस, साहेब," भिंतीकडून आवाज आला. "बाकीचं मी सांगतो."

बाबा उठले होते. नर्सने त्यांच्याकडे पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला.

ते सावकाश बोलले, पाळी संपताना पुढच्या माणसाला बॉयलरची हालहवाल सांगावी तसे. डॉक्टर रोज रक्ततपासणीतला दाहाचा आकडा सांगायचे. आज एवढा, आज त्याहून जास्त. "काटा चढायला लागला की पहिलं इंधन तोडायचं. कारण मागाहून शोधायचं. मी दुसरं काही शिकलोच नाही. तिच्या अंगात जाळ पेटलाय आणि वर हे पंपाने घालतायत, असं दिसायचं मला. म्हणून तोडलं. थोडा वेळच तोडायचो. आणि आकडा उतरला की हो. दुसऱ्याच दिवशी उतरला. मला वाटलं, मी तिला वाचवतोय."

मास्तरांनी चष्मा काढला. "आम्ही अँटिबायोटिक बदललं होतं," ते म्हणाले. "तो त्याने उतरला असावा."

बाबांनी मान हलवली. ते त्यांच्यापर्यंत पोचायला वेळ लागला.

"त्या दिवशी मुलगी यायची होती. ती आली की मी जोडणार होतो. ती आली नाही. बायको माझा हात सोडेना, मग डोळा लागला." ते एकदा थांबले. "जाग आली ती तिच्या हाताच्या झटक्याने. तेव्हा मी..."

"बाबा, राहू द्या," तपासनीस म्हणाली.

"नाही. सांगू दे. तेव्हा मी आधी नळी जोडली. पट्टी लावली, टोक दुमडलं. मग हाक मारली."

खोलीत कुणीतरी खुर्ची सरकवली.

"सिस्टर," ते नर्सकडे वळले, "तुम्ही बाटली वाचली होतीत. मी ऐकलं होतं, नाव बरोबर होतं. मला आठवत होतं. आठवतं म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता."

नर्स रडत होती, पण तिचा आवाज सरळ आला. "बाबा, मला विचारायचं होतंत. मी समजावलं असतं."

"तुम्ही बंद करू दिलं असतं का?"

"नाही."

"म्हणूनच नाही विचारलं."

वरिष्ठांपैकी एकाने घसा खाकरला. नर्सवरचा ठपका उरत नाही, हे त्यांनी तिथेच सांगितलं. बाबांचं काय करायचं ते पुढे ठरेल, कळवलं जाईल. मास्तरांना मात्र राहवलं नाही. समजल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

"बॉयलरचं मी समजू शकतो. पण अन्न तोडलं की दाह उतरतो, हे तुमच्या डोक्यात आलं कुठून? असा विचार सहसा कुणी करत नाही. घरची माणसं आम्हाला जास्त भरवा म्हणून भांडतात."

"आलं कुठून म्हणजे? माझंच डोकं," बाबा म्हणाले. पटकन म्हणाले. एवढा वेळ सावकाश बोलणारा माणूस. "बॉयलरवरची अक्कल, दुसरं काय."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही.

तपासनीसाला आयसीयूबाहेरचा बाक दिसला. पहिल्या दिवसांत तिथे बसून ती जे मिळेल ते वाचत होती. वाचलं की आपण काहीतरी करतोय असं वाटायचं. एका दुपारी एक लेख हाती लागला. आजारी जनावर खाणं सोडतं ते उगाच नाही. काही संसर्गांत बळजबरीने भरवलेले उंदीर उपाशी उंदरांपेक्षा जास्त मेले. तिने तो बाबांना वाचून दाखवला, सोपा करून, दोघांना बोलायला विषय हवा म्हणून. बघा बाबा, शरीर किती शहाणं असतं, असंही वर म्हणाली. अर्ध्यावर आली आणि कुठल्याशा लिफ्टसाठी फोन वाजला. ती उठून गेली.

"त्यांचं डोकं नाही, डॉक्टर," ती म्हणाली. "मी वाचून दाखवलं होतं. मी माझ्याच खुशीत वाचत होते आणि अर्ध्यावर सोडून गेले. नळी त्यांनी काढली. पण गुन्हेगार मोजत असाल तर एक कमी मोजताय."

"अगं," बाबा म्हणाले. त्यात साहेब नव्हतं.

मास्तरांनी चष्मा परत चढवला. नंतर, बाहेर दारात, त्यांनी बाबांच्या दंडाला हात लावला. बाबांनी विचारलंच होतं. त्यामुळेच गेली का ती?

"साखर पडली ती त्यामुळे. ते मी नाकारणार नाही," मास्तर म्हणाले. "ती पडली नसती तर त्या जगल्या असत्या, असं मला सांगता येत नाही. नसत्या जगल्या, असंही नाही. संसर्ग फार मोठा होता. यापुढे मला माहीत नाही."

*

त्या बाकावर आता दुसऱ्याच कुणाची माणसं बसली होती. एका बाईने सरकून दोघांना जागा दिली. बाबा बसले. उठायचं नाव घेईनात.

"तो लेख," ते शेवटी म्हणाले. "पुढे काय होतं?"

"बाबा, आता कशाला?"

"वाच. त्या दिवशी तू उठून गेलीस, मी वाट बघत होतो. परत आलीस तेव्हा विचारायचं राहून गेलं."

तिने फोन काढला. शोधायला वेळ लागला. मग जिथे सोडलं होतं तिथून सुरू केलं, सोपं न करता, जसं होतं तसं. काही संसर्गांत उपास उंदरांना वाचवतो. दुसऱ्या प्रकारच्या संसर्गात तोच उपास त्यांना मारतो, तिथे भरवलेले जगतात. माणसांचं यावरून ठरवता येत नाही. माणसांत थोडं भरवलेले आणि पुरेपूर भरवलेले यांत फारसा फरक दिसलेला नाही. आतड्याला मिळालेलं थोडं अन्न दाह आवरायला मदत करत असावं, यावर अजून काम चालू आहे.

बाबा मान खाली घालून ऐकत होते. बोटं मांडीवर काहीतरी दुमडत होती, उलगडत होती.

"संपला?"

"संपला."

"म्हणजे कळलेलं नाही अजून. कुणालाच."

"नाही."

ते थोडा वेळ समोरच्या बंद दाराकडे बघत राहिले. आत कुठलातरी पंप चालू होता, त्याचा बारीक आवाज फटीतून येत होता.

"पहिल्यापासून वाच," बाबा म्हणाले. "सगळा."

आणि ती पहिल्या ओळीपासून वाचू लागली. मधे फोन वाजला. तिने तो वाजू दिला.